चंद्रीची वर्गवारी

स्वरूपाने सासूबाईंचं लुगडं कसंबसं गुंडाळलं, पदर कपाळापर्यंत ओढला आणि बादली घेऊन ती चंद्रीच्या कासेशी बसली. म्हशीने मान वळवून तिला हुंगलं आणि पाय झाडला. बादली रेडकाच्या खुंट्यापर्यंत घरंगळत गेली.

ओट्यावर बसलेल्या सासूबाईंना, प्रयागबाईंना, हसू आवरेना. न्हाणीत घसरल्यामुळे त्यांचा उजवा हात पलस्तरात होता आणि चंद्रीला त्यांच्याशिवाय दुसरा हात चालत नसे. कालपासून ती रेडकाला दोन घोट पाजून बाकीचं दूध चोरून धरत होती. कास तटतटली होती. अशा वेळी नेहमीच्या बाईचं लुगडं नेसून बसायचं, ही गावातली जुनी युक्ती. धार काढणं स्वरूपा लहानपणी सांगवीला आजोळी शिकली होती.

"दांडीवरचं नेसला व्हय?"

"हो आत्या. धुतलेलं होतं."

"तितंच चुकलं. ही रंग न्हाय बघत, वास बघती."

स्वरूपाला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. शेळगावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. दुपारीच तिने सातवीच्या मुलांकडून प्राण्यांचे गट पाडून घेतले होते. खूर बघा, दात बघा, अंगावर केस आहेत का बघा, पिल्लाला दूध कोण पाजतं ते बघा. वटवाघूळ पाखरांतून उठून गाईम्हशींच्या ओळीत आलं तेव्हा वर्ग केवढा हसला होता! वटवाघळाचं जमलं, तिचं मात्र लग्न होऊन चार महिने झाले तरी या घरात जमत नव्हतं. पहिला चहा तिला, तोही बशीसकट. कशाला हात लावायला गेलं की, "ऱ्हाऊ द्या, मास्तरीणबाई." पाहुण्यांना म्हणतात तसं. या मानाचा तिला अगदी वीट आला होता.

"मग अंगावरचं द्या," ती म्हणाली.

प्रयागबाईंनी पलस्तरातला हात सावरला. मग उठल्या.

आतल्या खोलीत स्वरूपाने त्यांचं लुगडं उतरवलं आणि पलस्तर सांभाळत आपली शाळेची सहावारी त्यांना नेसवली. निऱ्या खोचताना प्रयागबाई लहान मुलीसारख्या हात वर धरून उभ्या होत्या.

"लई घट्ट नगं," एवढंच म्हणाल्या.

लुगड्याला शेणाचा, पेंडीचा, चुलीच्या धुराचा वास होता. स्वरूपाने ते नेसलं.

या वेळी चंद्रीने हुंगलं आणि गव्हाणीत तोंड घातलं. जरा वेळाने ती पान्हवली. पहिली धार बादलीत वाजली तेव्हा स्वरूपाच्या डोळ्यांत पाणीच आलं. प्रयागबाई कौतुकाने जवळ गेल्या, तर चंद्री त्यांच्यावरच फुरफुरली.

"आगं बया, मला परकी केलीस व्हय!"

तेवढ्यात सासरे, जोतीराम, उसाच्या वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन आले. दिवेलागणीची वेळ, त्यात डोळ्यांवर वाढे लोंबत होते. म्हशीखालचं लुगडं दिसताच ते खेकसले.

"हात मोडलाय न्हवं? कशाला बसलीस धारंला?" मग सहावारीकडे वळून आवाज उतरवत म्हणाले, "सूनबाई, तुमी तरी सांगायचं हिला."

प्रयागबाईंनी पदर पुढे ओढला.

"तिची म्हस हाय, तिचं घर हाय. आमी पावन्यांनी काय सांगावं?"

स्वरूपाचे हात थांबले. चंद्रीने लगेच शेपटीचा एक फटका तिच्या पाठीत दिला, रोज प्रयागबाईंना द्यायची तसाच.