छापायचं किती

सुलक्षणाचा शोधनिबंध वाचता वाचता जयवंताच्या पोटात भडका उठला. त्र्याऐंशी सालची गोष्ट. अंधेरीच्या एका लसशाळेत दोघं शेजारी बसून काम करत. कोंबड्यांच्या मरीवरची लस कधीकधी उलटते कशी, हे कोडं त्याने वर्षानुवर्षं चघळलं आणि सोडवलं तिने! लसीतला दुबळा विषाणू पुन्हा जहाल कसा होतो, हे तिने करून पाहिलं होतं आणि कृतीसकट लिहिलं होतं. परदेशी मासिकाला धाडण्याआधी साहेबांनी मत मागितलं, तेही नेमकं जयवंताचं.

त्याने लिहिलं : छापू नये. धोका आहे.

धोका खराच होता. ती कृती एखाद्या दुष्टाच्या हाती पडली, तर गावोगावची खुराडी ओस पडली असती. पण लिहिताना जिवाला जो गारवा वाटला, तो काही कोंबड्या वाचल्याचा नव्हता.

शनिवारी बोरीवलीच्या विठ्ठलमंदिरात कीर्तन होतं. दोघांची घरं तिकडचीच. गजर थांबला तशी रीतीप्रमाणे सगळी एकमेकांच्या पाया पडू लागली. जयवंत वळला, तर समोर सुलक्षणा वाकलेली. त्यालाही वाकावं लागलं. हात तिच्या पावलांना लागले. मत्सर मात्र जागचा हलला नाही. देवापुढे मन निवळतं म्हणतात. कधीकधी ते नुसतंच उघडं पडतं.

बाहेर येताच तिने गाठलं. "अडवलंस ना?"

"भलत्याच्या हाती पडलं तर वाट लागेल गं."

"आणि लस करणाऱ्यांना कळलंच नाही तर? कोंबड्या मरतच राहणार ना! खरं सांग, भीती वाटते की पोटात दुखतंय?"

"दोन्ही," तो बोलून गेला.

"मग भीतीपुरतंच अडव. पोटदुखीवर ओवा खा."

सोमवारी त्याने साहेबांकडून जुनं मत परत मागून फाडलं आणि त्यांच्यासमोरच नवं लिहिलं : लस का उलटते, ते ओळखायचं कसं, सगळं छापावं. जहाल करण्याची कृती तेवढी वगळावी. खरी गरज असलेल्या लसशाळेने सुलक्षणाबाईंना पत्र लिहावं, आणि साहेबांनी खात्री करून घेतल्यावर बाईंनी कृती कळवावी.

"झकास!" साहेब म्हणाले. "म्हणजे आता देशोदेशीची पत्रं सुलक्षणाच्या नावाने येणार."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पेन कागदावर अडलं. पुन्हा तोच भडका. "पांडुरंगा," पुटपुटत त्याने सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला.

"आजच्या टपालाने धाडा साहेब. उद्याचा माझा भरवसा नाही."