तुंगाच्या वतीने

क्रीडा केंद्रात तिच्याबरोबर काम करणाऱ्या बिंदुमाधवने बातमी सांगितली तेव्हा तुंगा कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकत होती.

"अक्का, ती पोस्ट मलाच देणार म्हणतात," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "तू नको म्हणालीस म्हणून हं. नाहीतर मी तुझ्या आड आलो असतो का?"

तुंगाने नको म्हटलं नव्हतं. स्वप्नातसुद्धा म्हटलं नव्हतं. तिच्या हातातला पावडरचा डबा बोर्डावर उपडा झाला आणि चौघा पोरांचा रंगात आलेला डाव त्याखाली गेला.

कॉलेजचं क्रीडा केंद्र संध्याकाळी विद्यार्थीच चालवत. फिजिकल डायरेक्टर नागोजीराव, म्हणजे सगळ्यांचे पीडी सर, यांचा जीव कबड्डीच्या संघात अडकलेला. संघ ढाल आणतो, ढालीबरोबर फोटो येतो, फोटोत मध्यभागी पीडी सर असतात. ज्यांना ढाल नको होती, दिवसभर वर्गात आंबून झाल्यावर नुसता घाम गाळायचा होता, ती सगळी पोरं तुंगाच्या वाट्याला आली होती. दोन वर्षं तिने ती सांभाळली. कोण कोणत्या वेळी दारावर बसेल, कोण जिममध्ये उभं राहील, हे ती ठरवायची. लाजऱ्याबुजऱ्या पोरांना तिने पंचगिरी शिकवली. मुलींसाठी जिमची वेगळी वेळ मागून घेतली, आणि ती मागताना स्टाफरूममध्ये जे विनोद झाले तेही मुकाट गिळले. आता कॉलेजने या कामासाठी पगारी माणूस नेमायचं ठरवलं होतं, आणि केंद्र चालवणाऱ्या विद्यार्थ्यांतूनच पीडी सर नावं सुचवणार होते. बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या मैत्रिणी तिला हसायच्या. हसू देत. तिला जन्मभर हेच काम करायचं होतं.

ती तडक पीडी सरांच्या खोलीत गेली. आयुधपूजा जवळ आली होती म्हणून सर भाले, गोळे, बॅटी पुसून घेत उभे होते.

"काका, मी कधी नको म्हटलं?"

कॉलेजात ती त्यांना सर म्हणे. आज काका म्हणाली, कारण हा घोळ सरांनी घातलेला नव्हता, काकांनी घातला होता. म्हैसुरात तुंगा-नागोजीरावांसारखी जुनी मराठी घरं मोजकी, पूर्वजांनी राजांच्या पदरी घोडी दामटलेली. घोडी गेली, पण एक रीत राहिली: एका घरचा वडीलधारा तो साऱ्या घरांचा वडीलधारा. त्याने कुणाच्याही वतीने बोलावं आणि ज्याच्या वतीने बोलला त्याला मागाहून कळावं.

"ये, बस ग," नागोजीराव प्रेमाने म्हणाले. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. "बेंगळुरूचं स्थळ आणलंय तुझ्यासाठी. चांगलं घर आहे. आता संध्याकाळी जिममध्ये उभी राहून पोरांवर ओरडणारी मुलगी म्हटल्यावर ते येतील का, तूच सांग. प्रिन्सिपल मॅडमनी तुझं नाव काढलं तर मी म्हटलं, तिचं मदुवे ठरतंय, ती काही ही नोकरी करायची नाही. आयतू, विषय संपला."

"लग्न माझं, नोकरी माझी. मला विचारायचं नाही?"

"तुझ्या बाबांना विचारलं की!" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

तुंगाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या खोलीतला एखादा गोळा उचलून खिडकीतून भिरकवावा असं तिला वाटलं. ती तशीच घरी आली.

नजरबाद मोहल्ल्यातल्या घरात गंगाधरराव कचेरीतून येऊन कॉफी पीत होते. लेकीचा चेहरा पाहूनच त्यांनी पेला खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात?"

"मी काय म्हणणार, नागोजीचा शब्द..." ते चाचरले. "तो विचारायला आला, पण ठरवूनच आला होता बघ. आता मोठ्याने शब्द दिलाय. पाहुणे रविवारी येतायत. तोवर सुम्ने इरु, तुंगा. गप्प राहा जरा."

"गप्प होते म्हणूनच तर पोस्ट गेली."

"पोस्ट काय, दुसरी येईल ग," आई आतून म्हणाली. आईच्या ते अंगवळणी पडलं होतं. तुळसीबाईंना तरुणपणी शाळेत शिकवायचं होतं आणि त्यांच्याही वतीने कोणीतरी नको म्हणून मोकळं झालं होतं. हे त्यांनी लेकीला एकदा हसत हसत सांगितलं होतं. तुंगाला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा चिदंबर, त्याची आई भागीरथीबाई, आणि मध्यस्थ म्हणून कोचाच्या मधोमध नागोजीराव. तुंगाने उप्पीट आणि गोड केसरीबात आणून ठेवलं. ती शांत होती. नागोजीरावांना वाटलं, पोर शहाणी झाली.

भागीरथीबाईंनी केसरीबातचा एक घास घेतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "आमचं एक आधीच सांगते, वाईट वाटून घेऊ नका. बेंगळुरूत एकाच्या पगारात भागत नाही. आम्हाला नोकरीवालीच मुलगी पाहिजे. तुंगा कॉलेजचं ते क्रीडा केंद्र सांभाळते असं ऐकलं, म्हणून तर आलो. असला अनुभव असला की तिकडे मोठ्या कंपन्यांतही कामं मिळतात, अल्वा, हो ना? काय ग, नेमणुकीची ऑर्डर निघाली का?"

गंगाधररावांचा घास तोंडातच राहिला. नागोजीरावांनी उपरण्याने कपाळ पुसलं. ज्या गोष्टीसाठी पाहुणे पाठ फिरवतील म्हणून त्यांनी ती दडपली, तीच पाहायला पाहुणे बेंगळुरूहून मुद्दाम आले होते.

"निघेल की!" नागोजीराव घाईघाईने म्हणाले. "ऑर्डर अजून कुणाचीच निघाली नाही. माझ्याच हातात आहे सगळं. उद्या सकाळी मॅडमना सांगतो, झालं काम."

आतापर्यंत तुंगा संतापाला आवर घालून बसली होती. हे ऐकलं आणि तिचा आवर सुटला. म्हणजे जमत होतं! ती खोलीत जाऊन विचारत होती तेव्हा विषय संपला होता, आणि पाहुणीने केसरीबात खाता खाता विचारलं तर एका सकाळीत जमत होतं.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला. "उद्या मॅडमकडे जाच. पण बिंदूच्या तोंडचा घास काढून मला देऊ नका, त्याचा काय दोष? आमची दोघांची मुलाखत घ्या म्हणावं. तो जिंकला तर मी त्याच्या हाताखाली काम करीन. आणि मॅडमना खरं सांगा. तुंगाने नको म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं, असं सांगा. तुमच्या तोंडाने सांगा, मी शेजारी उभी राहून ऐकणार आहे."

"अय्यो, पाहुण्यांसमोर काय हे!" गंगाधरराव उठले.

"पाहुण्यांसमोरच, बाबा. पाहुण्यांमुळेच गेली ना ती पोस्ट?"

भागीरथीबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मुलगी त्यांना आवडली होती, तेही त्यांनी लगेच बोलून दाखवलं. "तेज आहे हो पोरीत. नागोजीराव, आमच्याकडून होकार समजा."

नागोजीरावांच्या जिवात जीव आला. ते हात जोडून म्हणाले, "मग आमच्याकडूनही होकारच."

तुंगाने त्यांच्यासमोरची बशी उचलली. केसरीबात अर्धा तसाच होता.

"बघा, परत बोललात," ती म्हणाली. मग भागीरथीबाईंकडे वळून तिने नमस्कार केला. "मावशी, तुमचा राग नाही. पण माझा नकार आहे. हा मात्र मी दिलाय."