तीसचा वेग

दादाचं सायकलदुरुस्तीचं दुकान. काहीही बिनसलं की आधी यंत्र तपासायचं, हा त्याचा खाक्या. त्यामुळे पाय दुबळे व्हायला लागले तेव्हा त्याने दोष दिला घरातल्या ट्रेनर-मशीनला. मागचं चाक रोलरवर टेकवून खोलीतच सायकल मारायची, आणि पायांचा जोर पडद्यावर आकड्यात दिसतो. तो आकडा सारखा उतरत होता. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा आजार वाटतोय, उशीर न करता भरती व्हा. दादा म्हणाला, "मशीन खोटं बोलतंय. ते खरं निघालं तरच मी येणार." हट्टीपणात त्याचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

मशीन पारखायची रीत सोपी आहे. चाक ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला न्यायचं आणि पाय थांबवायचे. ते आपोआप थांबायला किती वेळ घेतं, त्यावरून रोलरवर घासताना टायर किती जोर खातो ते सॉफ्टवेअर काढतं. टायर आधीपेक्षा जास्त जोर खात असेल, तर दादा खरा. मला तो खरा ठरायला हवा होता.

त्याने टायरमधली हवा स्वतः मोजली आणि बसला. पडद्यावर अक्षरं आली : वेग वाढवा. काटा पंचविसापर्यंत चढला, थरथरला, खाली आला. पुन्हा पंचवीस. त्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती.

"जरा पाणी दे गं, चिंगे," तो म्हणाला आणि हँडलवर डोकं टेकवून बसला.

मशीन खोटं ठरवायलाही तीस लागत होते. ते सॉफ्टवेअर फुकटचं, खुलं. कुणीही आतला कोड उघडावा आणि बदलावा. माझी रोजीरोटीच ती. तो पाणी पीत होता तेवढ्यात मी तीसचे वीस केले.

या खेपेला जमलं. दादाने पाय सोडले. चाक फिरत राहिलं, मंदावलं, थांबलं. टायर किती जोर खातो तो आकडा आला. जुना होता तोच.

दादाने तो दोनदा वाचला. "म्हणजे मशीन ठणठणीत आहे."

मी रिकामा पेला उचलला.

"कितीवर आणलं होतंस?"

"वीस."

वाटलं, आता खेकसेल. तो हसला, आणि तेच मला सहन झालं नाही.

"उद्या येतो डॉक्टरकडे," तो म्हणाला. "पण ते परत तीस कर. आणि बसून बघ, नीट झालं का. अर्धवट काम करून उठायचं नाही."

मी तीस केले. मग दादाला आधार देऊन उतरवलं आणि स्वतः चढले. लहानपणी याच्या सायकलमागे धावताना मला धाप लागायची, आणि हा वळून वेडावायचा. आता तो भिंतीला धरून उभा होता. मी मुद्दाम हळू पाय मारत होते.

"अंगचोरपणा नको," दादा म्हणाला. "मार."

मी मारले. तीस सहज आले.