तनुजाचा आवाज

मी एक कॉलर माईक, बोटाच्या पेराएवढा. बोलणाऱ्याच्या गळ्याशी बसायचं आणि ऐकलेलं पुढं पोचवायचं, हे माझं काम. आज जरा माझं ऐका.

उस्मानपुऱ्यातल्या अल्तमशनं मला विकत घेतलं. तो लग्नाचे व्हिडिओ करायचा. तीन वर्षं मी नवरदेवांच्या शेरवानीला लटकलो आणि त्यांचं पाठ केलेलं बोलणं ऐकलं.

मग दिग्दर्शिका मोनिकाच्या सिनेमाचं काम अल्तमशकडं आलं. समुद्रातली राजकन्या प्रेमासाठी आपला आवाज देऊन टाकते, ती जुनी परीकथा मोनिकानं आपल्या शहरातल्या कॉलेजात आणली होती. गावाकडच्या मुलीच्या बोलण्याला सगळे हसतात, म्हणून ती मुकी असल्याचं सोंग घेते आणि वर्गातल्या एका मुलाच्या प्रेमात पडते. नायिका होती देवगाव रंगारीची तनुजा, नायक विश्वजीत.

सिनेमाभर तनुजा गप्पच. मला ऐकू यायचे ते तिचे श्वास. शेवटच्या प्रसंगाचं शूटिंग फर्दापूरच्या बसस्टँडवर होतं. मुलगा शहर सोडून निघालाय आणि ती पहिल्यांदा बोलते. कागदावरचं वाक्य शुद्ध होतं. तनुजा पळत आली आणि म्हणाली, "थांब की. मला बोलता येतं. लई बोलायचंय तुझ्याशी."

विश्वजीत आपलं वाक्यच विसरला. मोनिकानं तोच शॉट ठेवला.

निर्माते आप्पासाहेबांना मात्र ते पटलं नाही. "पोरगी गुणी आहे. पण हे 'लई' नको. पुण्याच्या मुलीचा आवाज घालू." मोनिकानं पुष्कळ वाद घातला. ते ऐकेनात.

तनुजाला कळलं तशी ती एसटीनं थेट स्टुडिओत आली.

"आप्पासाहेब, सिनेमातल्या त्या पोरीनं आवाज सोडला ही तिची चूक, असंच दाखवायचंय ना आपल्याला?"

"व्हय."

"मग माझा कशाला काढता?"

अल्तमशनं हेडफोन पुढं केला. "एक बार सुनो तो सही, साहेब."

त्यांनी तो प्रसंग तीनदा ऐकला. मग हेडफोन काढून ठेवला. "राहू द्या. पोरीचाच आवाज राहू द्या. मी तरी घरी कुठं दुसरं बोलतो?"

पहिल्या खेळाला थिएटर भरलं. 'लई बोलायचंय' आलं आणि मागच्या रांगांतल्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. खेळ संपल्यावर टाळ्या थांबेनात. तनुजाच्या आईला, वच्छलाबाईंना, लोकांनी स्टेजवर बोलावलं. अल्तमशनं मला त्यांच्या पदराला लावलं.

"घरी आम्ही हिला सारखं गप बस म्हणायचो," त्या म्हणाल्या. "आता नाय म्हणणार."

तनुजानं त्यांना मिठी मारली. मी दोघींच्या मधे चेंगरलो, आणि तेवढाच खरखरीचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला. आयुष्यात माझ्याकडून झालेली ती एकच खरखर. तिचा मला अभिमान आहे.

आता माझी वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधली आहे. अल्तमश नवा माईक घेणार म्हणतो. खुशाल घेऊ दे. फक्त मला कपाटात टाकू नका. देवगावच्या एखाद्या शाळेत देऊन टाका. बोलायचं राहून गेलेल्या पोरी तिथं असतील, आणि मला अजून चांगलं ऐकू येतं.