लॅखलनला दिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना बॅगपाइप आहे आणि आधीच सांगून टाकतो, गप्प पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. मेंढीच्या कातड्याची पिशवी, काळ्या लाकडाच्या नळ्या, चांदीच्या कड्यांवर कोरलेली काटेरी फुलं, असा माझा थाट. पण कोणी फुंकलं नाही, तर मी नुसतं गाठोडं.

स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावरच्या मर्डोनं मला चाळीस वर्षं वाजवलं. नवरी घरातून निघाली की पुढे मी. शवपेटी खांद्यावर निघाली की पुढे मीच. मग मर्डोला दम लागू लागला. एके दिवशी त्यानं मला पेटीत ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. त्याची मुलगी उना वाजवायला शिकली होती. तिनं मागितलं की तो म्हणे, "हात लावायचा नाही. जपून ठेवलाय तो."

जपून! सहा वर्षं मी आत तळमळत होतो. कातडं वाळत चाललं होतं. मला मर्डोचा भयंकर राग यायचा.

या मार्चमध्ये लॅखलन गेला. तो मर्डोचा बालमित्र. मागे राहील त्यानं दुसऱ्याला वाजवत दफनभूमीपर्यंत पोचवायचं, असा शब्द दोघांनी एकमेकांना दिला होता. मर्डोनं घाईघाईनं पेटी उघडली, तर माझ्या पिशवीला चिरा पडलेल्या.

"बाबा, काय करून ठेवलंत हे!" उना ओरडली.

"अगं, मी तर याला वारासुद्धा लागू दिला नाही."

"मग त्यामुळेच तर! याला वाराच लागतो ना!"

तिनं मध आणि साखरेचा काळा पाक कोमट करून माझ्या पोटात ओतला. दोन दिवस मला चोळलं, मळलं. चिरा बऱ्याचशा बुजल्या.

खाडीकाठच्या रस्त्यावर शवपेटी उचलली गेली. घराण्याच्या चौकड्यांचा, घागऱ्यासारखा किल्ट नेसलेल्या मर्डोनं मला काखेत घेऊन फुंकलं. एक घोगरा सूर निघाला आणि मर्डो खोकत खाली वाकला. शवपेटी घेतलेले आठही जण खोळंबले.

"आटप रे मर्डो, लॅखलनला थंडी वाजतेय," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

उनानं मला ओढून घेतलं. "हवा माझी, बोटं तुमची. चला."

मर्डोनं तिच्या मागून दोन्ही हात पुढे घालून माझ्या नळीच्या भोकांवर बोटं ठेवली. बापलेकीची पावलं एकमेकांत अडकत होती, दोन ठिकाणी सूरही चुकला. पण दफनभूमीपर्यंत आम्ही थांबलो नाही. लॅखलनला आम्ही पोचवलं.

घरी आल्यावर मर्डोनं मला पुन्हा पेटीत ठेवलं. किल्ली हातात धरून तो उभाच राहिला. पुन्हा कुलूपच लागणार, असं मला वाटलं. शेवटी त्यानं ती उनाला दिली.

"माझ्या वेळी तुला एकटीनं वाजवायचंय," तो म्हणाला. "उद्यापासून सराव सुरू कर."

तेव्हापासून उना रोज येते, चुकते, मर्डोची बोलणी खाते. मित्रांनो, तुम्हीही घरात काही जपून ठेवलं असेल, तर आजच झाकण उघडा, हाताळा, वापरा. मला मात्र आता आणखी बोलवत नाही, पोटातली हवा संपत आली. संध्याकाळ झाली, मर्डोचा चहाही झाला, आणि उना अजून आलेली नाही.