अर्धं शटर

व्यापारी मंडळाच्या बैठकीत सोपानरावांनी महापालिकेचा नकाशा टेबलावर पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर आपल्याच दुकानातली चार नवी पितळी कुलपं ठेवली. काळेवाडीतल्या त्या गल्लीत दुकानं बावीस होती. नकाशात वर पाच मजली वाहनतळ होता आणि खाली रस्त्याला लागून गाळे होते एकवीस. बाविसाव्या जागेतून गाड्यांना वर जायचा चढ निघणार होता.

तासभर वाद झाला. मोबाइलवाल्या जयदीपचं म्हणणं, रावेत-पुनावळ्याचं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणूनच इकडे वळत नाही. साडीला फॉल लावून देणाऱ्या स्वप्नालीला ते पटत नव्हतं.

"चौथ्या मजल्यावर गाडी लावून कोण फॉल-पिकोला खाली उतरणार आहे, ते सांगा आधी," ती म्हणाली.

सगळे हसले. बुद्धरत्नही हसला, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग चढाला जागा कोणाची जाणार, हा प्रश्न आला. जयदीपनं यादी वाचली. सर्वेक्षणाच्या दिवशी जे दुकान बंद आढळलं, त्याला गाळा नाही. बंद एकच आढळलं होतं: कोंडीराम मिक्सर-कुकर दुरुस्ती. एकतीस वर्षं ते कोंडीरामनी चालवलं होतं. शेवटची नऊ वर्षं मुलगा बुद्धरत्न शेजारी बसत होता. घरात दुसरी कमाई नव्हती.

"त्या दिवशी बाबांची अंत्ययात्रा होती," बुद्धरत्न म्हणाला. "तुम्ही सगळे होता."

"व्हतो ना. आमी शटर अर्धं केलं व्हतं," सोपानराव म्हणाले. "अर्धं म्हंजे उघडंच धरलं मोजणीवाल्यांनी."

गल्लीत कोणी गेलं, की सगळी शटरं कमरेपर्यंत खाली येत. पूर्ण खाली कोणीच ओढत नसे, मयताच्या घरचेही नाहीत. पूर्ण बंद म्हणजे धंदा मोडला, असं कोंडीरामच सांगायचे.

"माझंही अर्धंच होतं."

जयदीपनं मोबाइलवर सर्वेक्षणाचा फोटो पुढे केला. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. शटर जमिनीला टेकलेलं. बुद्धरत्ननं दोन बोटांनी फोटो मोठा केला. कडीला पितळी कुलूप होतं, किमतीचं स्टिकर न काढलेलं. तो बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला, मग नकाशाच्या कोपऱ्यांकडे.

त्या दिवशी साडेदहाला अंत्ययात्रा घरातून निघताना सोपानरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तू हो पुढं, मोजणीवाले आले तर आमी हाय, असं म्हणाले होते. संध्याकाळी स्मशानातून परतल्यावर त्यांनीच एक किल्ली त्याच्या हातात दिली होती. दुकान उघडं टाकून गेला होतास, म्हणाले. बुद्धरत्ननं तेव्हा वाकून त्यांच्या पायांना हात लावला होता.

"दुकान चालू आहे असं आपल्या मंडळानं लिहून दिलं, तर नाव परत यादीत घेतील," तो म्हणाला.

"घेतील की. मग चढाच्या जागेसाठी बावीस जणांत चिठ्ठ्या टाकायच्या." सोपानरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. "लिहून द्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

स्वप्नाली ओढणीच्या टोकाचा सुटलेला दोरा ओढत होती. हात एकच वर झाला. सोपानराव म्हणाले, "घे खाली."

चहा आला. सोपानरावांनी नकाशा गुंडाळला, कुलपं एकेक करून पिशवीत टाकली.

"एक तुझ्याकडं ऱ्हायलंय," ते मायेनं म्हणाले. "सवडीनं दे."

बुद्धरत्ननं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. रिंग कडक होती. नखानं फाकवताना किल्ली दोनदा निसटली. बाकीचे आपापल्या कपात पाहत होते. किल्ली निघाली तोवर त्याच्या चहावर साय धरली होती.