पौर्णिमाचा हात

मी एक जुना ग्लोव्ह आहे, बेसबॉलच्या कॅचरचा. मित्रांनो, पिचर चेंडू फेकतो आणि फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर तो झेलतो. झेलतो म्हणजे मी झेलतो. हात फक्त आत असतो.

जन्म. मेरठ. जाड चामडं, मेणाचा दोरा. एवढंच आठवतं.

काम. नळदुर्गचं मैदान, हायवेच्या कडेला. ट्रक गेला की आम्ही सगळे धुळीनं पांढरे. माझ्या आत श्रीदेवीचा हात असायचा. समोर पिचर दोघी. शिवांजलीचा चेंडू तळव्यात फाडकन बसायचा. पौर्णिमाचा, मला जिथं धरलं असेल तिथंच यायचा. म्हणून फलंदाजांच्या सरावाला रोज तिनंच फेकायचं. शिवांजलीला आमचे प्रशिक्षक अमरनाथ सर सामन्यासाठी राखून ठेवत. सगळ्या मुलींची फलंदाजी होईपर्यंत पौर्णिमा फेकत राही. नाही म्हणणं तिला जमत नसे.

कौतुक. श्रीदेवी म्हणायची, "ह्यो ग्लोव्ह हाय म्हणून माझी बोटं हायत." मला पुरेसं होतं.

मुलींचे हात जपावेत म्हणून अमरनाथ सरांनी एक तक्ता केला. मोठ्या पिचरांचे असे तक्ते असतात, कुणी कारकिर्दीत किती फेकलं याची तुलना करणारे. सर मनानं चांगले. त्यांनी तीन वर्षांचे सामने मांडले.

शिवांजली: १,९४० चेंडू.
पौर्णिमा: ६१० चेंडू.

सरावाला रकाना नव्हता.

मग तो सामना आला. त्यातून राज्याच्या संघाची निवड होणार होती. सकाळी हात मोकळा करताना पौर्णिमाचा चेंडू माझ्यात नुसता येऊन टेकला. श्रीदेवीलाही ते कळलं.

"पौर्णे, खरं सांग. कोपर दुखतंय व्हय?"

"गप. आज निवड हाय. सरांना सांगितलंस तर तुझ्याशी बोलणार न्हाय."

"नको बोलू. तेवढाच कानाला आराम."

श्रीदेवी सरांकडे गेली. "सर, पौर्णिमाचा चेंडू लई हलका येतोय. आज तिला नको."

सरांनी मोबाइलवरचा तक्ता पुढं धरला. "हे बघ. शिवांजलीच्या निम्मेसुद्धा न्हाईत. हिचाच हात ताजा हाय."

"पण सर, सरावाला रोज तीच..."

"सराव म्हंजे सामना हाय का? जा, जाग्यावर बस."

श्रीदेवी बसली.

पाचव्या डावात एक चेंडू माझ्यापर्यंत आलाच नाही. मधेच मातीत पडला. मी उघडाच राहिलो. पलीकडं पौर्णिमा कोपर धरून खाली बसली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता फेकणं नाही, कोपर पूर्वीसारखं वाकणार नाही.

दुर्लक्ष. मी कपाटात असतो, शिवण उसवलेली. त्याचं काही नाही. परवा सर नव्या मुलींना तोच तक्ता दाखवत होते. "हिनं एवढेच फेकले, तरी हात गेला. एकेकीचं नशीब." श्रीदेवी बॅट काढायला कपाटापाशी आली होती. तिनं मान खाली घातली. बॅट घेतली आणि निघून गेली.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुणी असा तक्ता पुढं धरला तर विचारा, यात काय मोजलेलं नाही. गप्प बसवलं तर परत विचारा. ऐकतीलच असं मी म्हणत नाही.

पौर्णिमाची वेणी आता तिची आई घालते.